स्वहस्त श्मश्रू सुधारक मंडळ, मुक्काम अणदूर

जगात स्वावलंबनासारखं दुसरं भूषण नाही, आणि भूषणच असल्यामुळं ते शक्यतो चारचौघांना दिसेल अशा जागी धारण करावं, हे सुज्ञांना सांगायला नको. पोटातलं स्वावलंबन कुणाला दिसत नाही. पाठीवरचं स्वतःला दिसत नाही. राहता राहिला चेहरा. फसली १३५४ साली, म्हणजे तिकडं विलायतेत लढाई चालू होती आणि इकडं निजाम सरकारच्या राज्यात रॉकेल मिळत नव्हतं त्या वर्षी, अणदूरच्या अकरा प्रतिष्ठित माणसांनी स्वावलंबनाची सुरुवात स्वतःच्या दाढीपासून केली. त्या कार्याची ही हकीकत असून ती शक्य तितक्या आदरानं लिहिली आहे.

मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि पहिले जखमी कल्याणप्पा हे गावातले कापडाचे व्यापारी. वय बावन्न, अंगानं भरलेले, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि शब्दाला इतके पक्के की आपण बोललो ते चुकीचं होतं हे कळल्यावरही ते बदलत नसत. त्यांचं आणि गावच्या न्हाव्याचं, श्रीमंतचं, वीस वर्षं उत्तम चाललं होतं. (श्रीमंत हे नाव वडिलांनी हौसेनं ठेवलं होतं. घरात श्रीमंती तेवढीच होती.) श्रीमंतनं वर्षभर गावाच्या दाढ्या करायच्या आणि माघात ज्वारीची सुगी झाली की प्रत्येक खळ्यावरून आपल्या हक्काचं बलुतं न्यायचं, असा आजा-पणजापासूनचा रिवाज. त्या धान्यावर तो, बायको, म्हातारी आई आणि तीन पोरी वर्ष काढत.

घोटाळा झाला तो वारांमुळं. अणदूरात सोमवारी दाढी करत नाहीत, कारण तो महादेवाचा. मंगळवार तुळजापूरच्या भवानीचा. गुरुवार गुरूचा. शुक्रवार पुन्हा देवीचा, शिवाय त्या दिवशी कचेऱ्या बंद, म्हणजे दाढी केली तरी दाखवायची कुणाला. शनिवार मारुतीचा. रविवार खंडोबाचा, आणि अणदूरला खंडोबा म्हणजे घरचाच माणूस. उरला बुधवार. (बुधवार कुणाचा याची चौकशी गावानं मुद्दामच केली नव्हती.) त्यामुळं गावातल्या दीडशे हनुवट्या सहा दिवस निवांत वाढत आणि सातव्या दिवशी श्रीमंतपुढं एकदम हजर होत.

आश्विनातल्या अशाच एका बुधवारी कल्याणप्पांचा उजवा गाल झाला होता आणि डाव्याला नुकता फेस लावला होता, तेवढ्यात पाटलांकडून बोलावणं आलं. पाटलांचे पाहुणे मोटारीला निघाले होते आणि त्यांची दाढी आधी करायची होती. ‘आलोच, आप्पा,’ म्हणून श्रीमंत गेला. पाहुणे चार निघाले. मोटारही त्या दिवशी वेळेवर आली नाही, म्हणून पाहुण्यांनी डोकीही करून घेतली. श्रीमंत परत आला तेव्हा सूर्य मावळला होता, आणि सूर्य मावळल्यावर वस्तरा लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुवार. यापुढचा हिशेब वाचकांनी वरच्या यादीवरून करावा. कल्याणप्पांचा डावा गाल सात दिवस तसाच राहिला.

‘अवो, कात्रीनं तरी कापा,’ त्यांच्या पत्नी चन्नम्मा म्हणाल्या.

‘कात्रीनं मेंढरं कापत्यात,’ कल्याणप्पा म्हणाले आणि दुकानात डाव्या बाजूला भिंत येईल असे बसले.

त्याच आठवड्यात त्यांना सोलापूरला माल आणायला जावं लागलं. दाढ दुखते असं सांगून त्यांनी जबड्याला फडकं बांधलं. बाजारात भेटलेल्या सात व्यापाऱ्यांनी दाढेवर नऊ उपाय सांगितले आणि त्यातले दोन तिथंच करायला लावले. लवंगेच्या तेलानं तोंड बधिर झालेलं असताना त्यांना एका दुकानाच्या काचेत ती वस्तू दिसली. पितळेची डबी, डबीत दांडी, दांडीच्या टोकाला दातेरी कंगवा, आणि त्या कंगव्याच्या कुशीत दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातळ पातं. सेफ्टी! डबीवरच्या चित्रात एक गोरा माणूस स्वतःची दाढी स्वतः करत हसत होता. त्याचे दोन्ही गाल सारखे होते. कल्याणप्पांच्या डोळ्यात पाणी आलं. (लवंगेचं तेल हे एक कारण असू शकतं.)

‘ह्यात काय शिकावं लागतंय?’ त्यांनी विचारलं.

‘काहीच नाही हो. लहान लेकरूसुद्धा करील,’ दुकानदार म्हणाला. हे विधान पुढं मंडळानं सप्रमाण खोडून काढलं.

परतताना निजामाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर जवानानं डबी उघडली.

‘ये क्या है?’

‘दाढी करनेका यंत्र है, साहेब.’

‘क्यूं? तुम्हारे गांव का नाई मर गया क्या?’

‘न्हाई साहेब, जिंदा है. म्हनूनच.’

ही वस्तू वस्तऱ्यात धरावी, यंत्रात धरावी की हत्यारात, यावर नाक्यावर पाऊण तास विचार झाला. शेवटी ती पीक कापते एवढं सर्वमान्य ठरून ‘शेतीचं अवजार, लहान’ अशी नोंद झाली आणि कल्याणप्पा स्वावलंबनासह हद्दीत शिरले.

त्यानंतरच्या रविवारी खंडोबाच्या पटांगणात गाव जमलं असताना ते उभे राहिले. डाव्या गालाचा राग आता पूर्ण वाढीला लागला होता. परक्याच्या हातात मान देणं ही गुलामगिरी आहे, आपली दाढी आपण करणं हा धर्म आहे, आणि ज्या गावाला आपली दाढी आपल्याला करता येते त्या गावानं न्हाव्याला बलुतं का द्यावं, असे तीन प्रश्न त्यांनी केले. त्यातल्या पहिल्या दोनांत प्रश्न नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिसरा फार चांगला होता. ज्वारी वाचते म्हटल्यावर माना हलू लागल्या.

बलभीम पाटील गालिच्यावर बसले होते. चार पाहुण्यांमुळं हे झालं याची त्यांना थोडी टोचणी होती, म्हणून ते जास्तच न्यायानं बोलले. ‘आप्पा, एकानं करून चालायचं न्हाई. अकरा मानसं उभी करा. सोताच्या हातानं, गुळगुळीत, रगत न काढता. सुगीला ह्याच जागंवर बघू. जमलं तर श्रीमंतचं बलुतं बंद. न्हाय जमलं तर?’

‘न्हाय जमलं तर म्या भर सभंत त्याच्याफुडं मान वाकवून बसंन आन् माफी मागंन.’

श्रीमंत मागं चपलांपाशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, ‘माघापतुर तरी दाढ्या करू द्या, का आजपासनंच बंद?’ लोक हसले. त्याच्या बायकोला घरी हे कळलं तेव्हा तिला हसू आलं नाही. ती उठून ज्वारीच्या कणगीत हात घालून बघून आली.

मंडळ स्थापन झालं. सदस्य अकरा, सेफ्टी एक, पाती तीन. लढाईमुळं सोलापूरलाही जास्त पाती नव्हती. ठराव क्रमांक एक असा की मंडळ असावं. ठराव क्रमांक दोन असा की देवाधर्माचे वार वस्तऱ्याला लागू आहेत, यंत्राला नाहीत. मोटार जशी अमावास्येलाही चालते तसं हे समजावं. ठराव क्रमांक तीन पात्याच्या धारांबद्दल होता. पात्याला दोन धारा का असाव्यात हे विलायती कारखानदाराला कदाचित माहीत नसेल, पण अणदूरात ते पाहताक्षणी कळलं. एक धार लिंग धारण करणाऱ्या सहा सदस्यांची आणि दुसरी बाकीच्या पाचांची. खूण म्हणून सहा जणांच्या बाजूला कुंकवाचा ठिपका दिला. तिसऱ्या आठवड्यात कुंकू धुऊन गेलं आणि कुठली धार कुणाची हे कळेना. बैठक तीन तास चालली. सहा माणसं पाचांपेक्षा जास्त, तेव्हा जास्त बोथट असेल ती सहांची, असं गणित पटवारी आण्णासाहेबांनी मांडलं. दोन्ही धारा सारख्याच बोथट निघाल्या आणि प्रश्न दोन्ही बाजूंच्या समाधानानं सुटला.

आण्णासाहेब पटवाऱ्यांचं मंडळावर अतोनात ऋण आहे. डबीत एक कागद होता, त्यावर दाढी कशी करावी हे चित्रांसह छापलं होतं. कातडी गरम पाण्यानं मऊ करावी, फेस दाट असावा, दांडी तीस अंशात धरावी, केसांच्या कलानं जावं, दाब देऊ नये. साधी माणसं हे वाचून दाढी करायला बसली असती. मंडळानं प्रथम त्याचा अभ्यास केला.

गरम पाणी किती वेळ लावावं? दोन भाकरी भाजून होईपर्यंत, असं ठरलं. पण चन्नम्मांच्या भाकरीला जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट धोंडीबा सुताराच्या घरी लागे, त्यामुळं धोंडीबाची कातडी सोलायला आली. फेसासाठी साबण नव्हता, रिठे होते. रिठ्याचा फेस दाट येतो, डोळ्यात जातो आणि मग पुढची दाढी आठवणीवर करावी लागते. ब्रश तांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा केला. (घोड्यानं पहिल्या वेळी विरोध केला. दुसऱ्या वेळी तो तांग्यासकट निघून गेला.) तीस अंशांसाठी आण्णासाहेबांनी पुठ्ठ्याची पाचर कापून दांडीला बांधली. ती ओली होऊन वाकायची, मग अंश सोडून दाढी मोजावी लागायची. दाब देऊ नये हे कलम सर्वांत अवघड गेलं. ज्यांचा जन्म रंधा मारण्यात आणि औत दाबण्यात गेला त्यांना न दाबता काही होतं हेच पटेना.

पण खरा पराक्रम म्हणजे चेहऱ्यांची मोजणी. केसांचा कल प्रत्येकाचा निराळा, तेव्हा कुठल्या भागात केस कुठल्या दिशेला उभे आहेत याचा नकाशा हवा, असं आण्णासाहेबांचं मत पडलं. तीस वर्षं त्यांनी शिवारं मोजली होती. त्यांनी दोरी, खडू आणि चष्मा घेऊन अकरा चेहरे आठ दिवसांत मोजले. उजवा गाल नंबर एक, डावा नंबर दोन, हनुवटी नंबर तीन, पोटनंबर खळीसह. गाल जिरायत, कारण पीक विरळ. हनुवटी बागायत. मिशी इनाम, तिला हात लावायचा नाही. गळ्याखालचा भाग सरहद्दीचा, तिथं रयतेनं आपल्या जबाबदारीवर जावं. प्रत्येक नंबरात बाणानं कल दाखवून खाली सही केली. असा चेहरा विलायतेतही कुणाला नसेल.

या नकाशांची नक्कल करताना कल्याणप्पा आणि धोंडीबा यांचे कागद बदलले. धोंडीबाच्या गळ्यावर उजवीकडं केसांचा मोठा भोवरा होता. तो कागदोपत्री कल्याणप्पांच्या गळ्यावर गेला. कल्याणप्पा दीड महिना, रोज, नसलेल्या भोवऱ्याभोवती गोल गोल सेफ्टी फिरवत राहिले. गळा लाल झाला, मग जांभळा झाला, तेव्हा ते कागद घेऊन पटवाऱ्यांकडं गेले.

‘आण्णासाहेब, माझ्या गळ्यावर भवरा न्हाई.’

आण्णासाहेबांनी कागद बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. गळा बघितला नाही. ‘कागदाप्रमाणं आहे.’

‘हात लावून बघा की.’

‘आप्पा, हात लावून ठरत असतं तर मोजणी कशाला केली असती? तुम्ही दुरुस्तीचा अर्ज द्या. मंजूर होईपर्यंत भोवरा आहे असं धरून चाला.’

कल्याणप्पा भोवरा आहे असं धरून चालले. उलट धोंडीबाला आपला भोवरा सरकारजमा झाला असं वाटून दोन दिवस चैन पडली नाही.

प्रगतीचे आकडे पुढीलप्रमाणं. पहिला महिना: दाढ्या एकशे दहा, जखमा दोनशे चौदा. दुसरा महिना: दाढ्या साठ, जखमा एकशे एकोणचाळीस. तिसरा महिना: दाढ्या एकवीस, जखमा बेचाळीस. जखमांचं प्रमाण झपाट्यानं खाली येत असल्याबद्दल मंडळानं स्वतःचं अभिनंदन केलं. चौथ्या महिन्यात एकही जखम झाली नाही. त्या महिन्यात पात्यांना विश्रांती म्हणून तंत्रावर फक्त व्याख्यानं झाली.

एक अडचण मात्र कुठल्याच कागदात बसली नाही. कल्याणप्पा आरशापुढं बसत, फेस लावत आणि तसेच बसून राहत. मान वर करायची हे त्यांना ठाऊक होतं, पण वीस वर्षं ‘मान वर, आप्पा’ असं कुणीतरी म्हणाल्यावरच ती वर गेली होती. हनुवटीखाली श्रीमंतची दोन बोटं यायची, थंड, तुरटीच्या वासाची, आणि मान आपोआप जायची. त्या बोटांसंगं गावही कळायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं जावयाशी बिनसलं, कुणाच्या छातीत दुखतं. या चार महिन्यांत गावात दोन सोयरिकी जुळल्या आणि कल्याणप्पांना त्या अक्षता आल्यावर समजल्या. वडील गेल्यापासून आपल्या तोंडाला मायेनं हात लावणारा तो एकच माणूस होता, हे एका सकाळी रिठ्याच्या फेसात त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना फार एकटं वाटलं. मग अध्यक्ष असल्याची आठवण होऊन त्यांनी स्वतःच ‘मान वर’ असं म्हटलं आणि कापून घेतलं.

श्रीमंतचंही बरं चाललेलं नव्हतं. अकरा दाढ्या कमी झाल्या याचं त्याला एवढं वाटलं नाही. पण नळदुर्गच्या बाजारात अणदूरची ती तोंडं बघून लोक विचारू लागले, ‘तुमच्याकडं न्हावी कोण हाय हो?’ आणि त्याचं नाव सांगितलं जाऊ लागलं. तीन पिढ्यांत त्याच्या घरातल्या कुणाच्या हातून गिऱ्हाइकाचं रक्त निघालं नव्हतं.

माघ संपत आला. खळी लागली. पाटलांनी दिवस ठरवला तो रविवार, आणि तो विचारपूर्वक. रविवारी वस्तरा चालत नाही, तेव्हा रविवारी सकाळी जो ताजा गुळगुळीत असेल तो स्वतःच्याच हातचा, यात शंकेला जागा नव्हती. अकरा सदस्यांनी शुक्रवारी शपथ घेतली, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि चार महिन्यांचं तंत्र घेऊन घरोघरी गेले. सेफ्टी शनिवारी रात्रीपासून पाळीपाळीनं फिरून शेवटी अध्यक्षांकडं यायची होती.

रविवारी उजाडता उजाडता कल्याणप्पांनी शेवटचं पातं चढवलं. उजव्या गालावर तीन, हनुवटीवर दोन आणि कागदावरच्या भोवऱ्याच्या जागी एक अशा सहा ठिकाणी रक्त आलं, तेव्हा त्यांनी आरसा पालथा घातला. भर सभेत मान वाकवून बसायचं. अणदूरात, पाटलांच्या देखत, बायकापोरांच्या देखत. चन्नम्मांनी तुरटीचा खडा आणून दिला.

‘रगत थांबंल, पर केस ऱ्हात्यालंच,’ त्या म्हणाल्या. ‘जावा की श्रीमंतकडं.’

‘त्याच्याकडं? आज?’

‘मग कुणाकडं जाताव?’

उपरणं डोक्यावरून घेऊन ते मागच्या बोळानं श्रीमंतच्या घरी गेले. अंगणात लिंबाखाली, उपरणी डोक्यावरून घेतलेली दहा माणसं ओळीनं बसली होती. आण्णासाहेब पटवारी तिसरे होते. कुणी कुणाकडं बघितलं नाही. धोंडीबा तेवढा म्हणाला, ‘म्या आपला इचारपूस कराया आलतो.’ कल्याणप्पांनीही तेच सांगितलं आणि शेवटी टेकले.

श्रीमंत बाहेर आला. ओळ शेवटापर्यंत बघितली.

‘आज आयतवार हाय, आप्पा. वस्तरा चालत न्हाई.’

कल्याणप्पांनी उपरण्यातून पितळेची डबी काढून पुढं धरली. श्रीमंतनं आयुष्यात सेफ्टी हातात धरली नव्हती. दांडी दोनदा फिरवली, पातं नखावर घासून बघितलं, पुठ्ठ्याची पाचर सोडून फेकून दिली, आणि धार यावी म्हणून काचेच्या पेल्यात आतून पातं घासत बसला. तोवर कल्याणप्पांना राहवलं नाही.

‘श्रीमंत, आमची तोंडं साफ झाली तर तुझं बलुतं बंद हुतंय. ठाव हाय ना तुला?’

‘ठाव हाय की.’

‘मग?’

‘असली तोंडं घेऊन सभंला गेलाव तर लोक म्हनतील, अणदूरच्या न्हाव्याचा हात गेला. बलुतं जाऊ द्या, आप्पा. हात कशाला घालवू?’ आणि त्यांच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून तो म्हणाला, ‘मान वर.’

मान गेली. डोळेही मिटले, कारण ते भरून आले होते. अकरा दाढ्या भाकरी-न्याहारीच्या वेळेआधी झाल्या. नव्या जखमा शून्य, आणि सकाळच्या होत्या त्या तुरटीनं बुजल्या. तंत्राच्या दृष्टीनं नोंद करावी तर त्यानं पाणी कोमट घेतलं, केसांचा कल बोटानं चाचपला, दांडी सैल धरली आणि दाब दिला नाही. म्हणजे डबीतल्या कागदाप्रमाणंच झालं. तो त्यानं वाचलेला नव्हता.

पटांगण भरलं होतं. अकरा सदस्य ओळीनं उभे राहिले आणि पाटील एकेकाच्या गालावरून उलटा हात फिरवत गेले. धोंडीबाच्या भोवऱ्यापाशी ते थबकले. गेली वीस वर्षं ते स्वतः त्याच हाताखाली बसत होते. तो हात त्यांना कळला नसेल असं म्हणणं म्हणजे पाटलांचा अपमान होईल. ते जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, ‘दाढ्या उत्तम हायत. श्रीमंत, तुजं काय म्हननं?’

‘माजं काय म्हननं, पाटील,’ श्रीमंत चपलांपाशी उभा राहून म्हणाला. ‘दाढ्यांत खोट न्हाई.’

आता अध्यक्षांनी बोलायचं होतं. एकच वाक्य पुरलं असतं. ‘ह्या दाढ्या श्रीमंतनं केल्यात.’ पाच शब्द सुद्धा नाहीत. ते कल्याणप्पांच्या जिभेपर्यंत आलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. दहा सदस्य आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. पाटील गालिच्यावरची धूळ झटकत होते. कल्याणप्पांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटणाऱ्या माणसाला नेहमी सुचतं तसंच त्यांना एक कलम सुचलं.

ते म्हणाले, मंडळाचं कार्य यशस्वी झालेलं आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणं न्हाव्याचं बलुतं आजपासून बंद. मात्र इतकं उच्च तंत्र टिकवायचं तर त्यावर कुणाची तरी देखरेख हवी. करिता श्रीमंत यांना मंडळाचे तपासनीस नेमावं. त्यांनी दर बुधवारी सदस्यांच्या घरी जाऊन दाढ्यांची तपासणी करावी, तपासणी सुलभ व्हावी म्हणून यंत्र स्वतःच्या हातात घ्यावं, सदस्यानं त्यांच्या कोपराला बोट लावून ठेवावं म्हणजे दाढी स्वहस्ते झाली असं धरता येईल, आणि या कामाबद्दल प्रत्येक खळ्यावरून, पूर्वी बलुतं जात होतं तेवढंच, धान्य त्यांना मानधन म्हणून मिळावं. सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला. ज्वारी वाचली नाही, पण बलुतं बंद झालं. कुणाचं काही गेलं नाही आणि सुधारणा झाली. टाळ्या वाजल्या. आण्णासाहेबांनी तिथल्या तिथं ठराव लिहून काढला.

श्रीमंत पुढं आला. ‘आन् फुडल्या साली, आप्पा?’

कल्याणप्पांनी आण्णासाहेबांकडं बघितलं. उत्तर त्यांनी दिलं. ‘बलुतं तुझ्या हक्काचं होतं. मानधन मंडळाच्या मर्जीचं. पुढल्या साली सुगीच्या आधी अर्ज द्यायचा, मग बैठकीत बघू.’

‘आजाच्या येळंपासनं कधी अर्ज द्यावा लागला न्हवता,’ श्रीमंत म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही. नुसतं आठवलं तसं. मग त्यानं ठरावाखाली अंगठा उठवला, बोट कपड्याला पुसलं आणि सगळ्यांना रामराम करून घरी गेला. त्याच्या बायकोनं दारातूनच विचारलं, ‘मिळतंय का?’ तो म्हणाला, ‘औंदा मिळतंय.’

वाचकांना वाटेल, आपण त्या पटांगणात असतो तर उठून बोललो असतो. मंडळाला या भावनेची कदर आहे. त्या दिवशी तिथं सदस्य सोडून पावणेदोनशे माणसं होती. सकाळी कुणाच्या अंगणातून कोण बाहेर पडलं हे त्यातल्या बहुतेकांनी पाहिलं होतं. प्रत्येकाला मनातून हसू येत होतं, प्रत्येकाला थोडं वाईटही वाटत होतं, आणि दुसरं कुणीतरी बोलेल म्हणून प्रत्येक जण थांबला होता. ठरावाखाली त्या सगळ्यांची नावं ‘साक्षीदार’ म्हणून घेतली आहेत. ज्यांनी सुरुवातीपासून सगळं नीट पाहिलं, मजा घेतली आणि शेवटी चूक काय झाली हेही ओळखलं, अशांसाठी आण्णासाहेबांनी वेगळा रकाना आखलेला नाही. म्हणून आपलंही नाव त्याच यादीत, सर्वांत खाली लिहिलं आहे. समोर सही करावी. ती मात्र स्वहस्ते.